इंजिनात दिवा बसवताना खरी कसोटी तारेच्या जोडाची
मॉडेल रेल्वेच्या इंजिनात दिवा कसा बसवावा हे बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकलेलं असतं. बॉडी उघडा, दिव्याच्या जागी एलईडी ठेवा, दोन तारा जोडा, झालं. बाकी सगळं खरोखरच सोपं आहे. काम अडतं ते ‘दोन तारा जोडा’ इथे, आणि त्याबद्दलच कुणी नीट सांगत नाही. म्हणून या लेखातला बराचसा भाग त्या जोडावर खर्च केला आहे.

आधी एलईडीचं माप ठरवा. एचओ म्हणजे 1:87 मापाच्या इंजिनाला 0603 आकाराचा एलईडी (1.6 × 0.8 मिमी) बसतो. एन म्हणजे 1:160 मापाला 0402 (1 × 0.5 मिमी) घ्या. 3 मिमीचा गोल एलईडी हाताळायला सोपा, म्हणून तोच सुचवला जातो. पण एन मापात तो जवळजवळ अर्ध्या मीटरच्या दिव्याएवढा दिसतो! वाफेच्या किंवा जुन्या डिझेल इंजिनाला पिवळसर पांढराच घ्या, निळसर पांढऱ्याने त्यांचं सगळं रूप जातं.

रेझिस्टर (वीजप्रवाह मर्यादेत ठेवणारा भाग) लावल्याशिवाय एलईडी रुळांच्या विजेला जोडायचा नाही. साध्या डीसी रुळांवर, म्हणजे जिथे रुळांतली वीज कमी-जास्त करून वेग आणि उलटसुलट करून दिशा ठरते, जास्तीत जास्त 12 व्होल्ट असतात आणि पांढरा एलईडी साधारण 3 व्होल्ट घेतो. उरलेल्या 9 व्होल्टसाठी 1 किलोओहमचा रेझिस्टर लावला की 9 मिलिअँपिअर वाहतात, तेवढे पुष्कळ. डीसीसीवर, म्हणजे इंजिनाला डिजिटल संदेशाने चालवण्याच्या पद्धतीत, रुळांत कायम पूर्ण विद्युतदाब (व्होल्टेज) असतो, म्हणून तिथे 1 किलोओहमने दिवा डोळ्यांत घुसतो. मी 4.7 किलोओहम वापरतो.

डीसी इंजिनात पुढचा आणि मागचा एलईडी एकमेकांना उलटे जोडा आणि दोघांना मिळून एकच रेझिस्टर द्या. इंजिनाच्या उजव्या हाताचा रूळ धन असला की ते पुढे जातं, म्हणून पुढच्या एलईडीचं धन टोक उजव्या बाजूला. दिशा बदलली की दिवाही आपोआप बदलतो. शिवाय बहुतेक एलईडी उलटा दाब 5 व्होल्टपर्यंतच सोसतात. या जोडणीत एक पेटलेला असताना दुसऱ्यावर 3 व्होल्टच्या आसपासच उलटा दाब येतो. डीसीसी डिकोडरला (इंजिनातली, संदेश वाचणारी छोटी पाटी) निळी तार दोन्ही दिव्यांची सामाईक धन, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची. इथे मात्र प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर.

आता जोडाकडे वळू. तार 0.1 मिमीची एनॅमल चढवलेली हवी, पण कुठलीही चालत नाही. सुरुवातीला मी जुन्या ट्रान्सफॉर्मरची तार उलगडून वापरत होतो. काही तारांवरचं आवरण मुद्दाम जास्त उष्णता सोसणारं असतं. त्यावर सोल्डर धरतच नाही, गोळी होऊन घरंगळतं. मला वाटलं, आयर्न (सोल्डर करायची तापती इस्त्री) कमी पडतंय. मी उष्णता वाढवत गेलो आणि एकामागून एक एलईडी जळत गेले. दोष तारेचा होता. पॉलियुरेथेनचं आवरण असलेली, सोल्डर करताना आवरण जळून जाणारी तारच घ्या.

‘ब्लेडने एनॅमल खरवडा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. कृपया तो ऐकू नका. इतक्या बारीक तारेला ब्लेडची खाच पडतेच आणि बॉडी दोन-तीनदा उघडली की ती नेमकी तिथेच तुटते. त्याऐवजी आयर्न 380 अंशांच्या आसपास ठेवा, टोकावर ताज्या सोल्डरचा थेंब घ्या आणि तारेचं टोक त्यात काही सेकंद बुडवा. धूर निघतो, आवरण जळतं आणि टोकाला चंदेरी कल्हई चढते. हा धूर फुप्फुसांना घातक आहे, तो छातीत घेऊ नका. खिडकी उघडी आणि पंखा चालू हवाच. मग कल्हईचं टोक 1 मिमी राहील एवढं कापा.

एलईडी दुहेरी चिकटपट्टीवर पालथा चिकटवा. आयर्न 320 अंशांपर्यंत उतरवा. एलईडीच्या दोन्ही धातूच्या पट्ट्यांवर फ्लक्स (सोल्डर नीट धरायला लावायचा द्रव किंवा मलम) आणि सोल्डरचा अगदी बारीक ठिपका द्या. कल्हईचं टोक त्यावर टेकवा आणि आयर्न एक सेकंद लावा, त्याहून जास्त नाही. नवीन सोल्डर घालू नका. नाही जमलं तर आयर्न उचला, पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा फ्लक्स लावा. ‘अजून थोडं धरतो’ म्हणताना एलईडीच्या आतली केसाहून बारीक तार सुटते आणि बाहेरून काहीच कळत नाही.

धन-ऋण ओळखायला एलईडीच्या पाठीवरच्या खुणेवर विसंबू नका, प्रत्येक उत्पादकाची खूण निराळी असते. 3 व्होल्टच्या बटण सेलला तारा लावून पाहा आणि धन तारेच्या टोकाला लगेच लाल रंग लावा. एलईडी पेटलेला असतानाच चिमट्याने तार हळूच हलवा. जरा जरी लुकलुकला तर जोड पुन्हा करा. जोड पक्का ठरला की फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पाठीवर दोन्ही तारा धरतील असा इपॉक्सीचा थेंब ठेवा. सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने पारदर्शक भाग पांढुरके पडतात.

बॉडीला आतून काळ्या रंगाचे दोन हात द्या, नाहीतर प्लास्टिकमधून उजेड झिरपून अख्खं नाक कंदिलासारखं दिसतं. एलईडीची पाठही काळी करा. अंधाऱ्या खोलीत तपासा.

तारा गिअर आणि फ्लायव्हीलपासून दूर, छताला टेपने चिकटवा. बॉडी पुन्हा उघडता येईल एवढी ढील ठेवा. स्क्रू आवळण्याआधी इंजिन दोन्ही दिशांना चालवून पाहा. धावताना दिवा लुकलुकला तर आधी चाकं आणि रूळ पुसा, जोडाला हात लावू नका.