ईसीयू रीमॅप शिकताय? आधी चार्जर आणा

ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर. रीमॅप म्हणजे त्यातली फाइल वाचून, बदलून पुन्हा लिहिणं; या लिहिण्यालाच फ्लॅशिंग किंवा राइट म्हणतात. लॅपटॉप, ओबीडी केबल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लागते ती) आणि सॉफ्टवेअर तुम्ही आणालच, त्यावर शब्द घालवत नाही. चार्जर आणा. म्हणजे फ्लॅशिंग चालू असताना बॅटरीला जोडून ठेवायचा, व्होल्टेज स्थिर ठेवणारा पॉवर सप्लाय. मागच्या वेळी तोच राहिला. फाइल राइट होताना अर्ध्यावर व्होल्टेज पडलं आणि गाडी जागच्या जागी मेली. टो करून इथे नाशिकमध्येच अंबडला न्यावी लागली. ईसीयू काढून बेंचवर मूळ फाइल भरली, तेव्हा कुठे इंजिन सुरू झालं.

राइट करताना इग्निशन ऑन आणि इंजिन बंद असतं. अल्टरनेटर फिरत नाही, पण ईसीयू, रिले, डॅशबोर्ड सगळे बॅटरीवरच असतात. काही गाड्यांत ईसीयू गप्प झाला की रेडिएटरचा पंखा आपोआप फुल स्पीडने सुटतो, आणि बॅटरी झपाट्याने खाली येते. ‘बॅटरी नवीन आहे’ हे कारण चालणार नाही. मल्टिमीटर टर्मिनलवर लावून ठेवा, 13 व्होल्टच्या आसपास आकडा हलता कामा नये. हेडलाइट, एसी, म्युझिक बंद. महावितरणने देखभालीसाठी वीज बंद ठेवायचं जाहीर केलं असेल, तर त्या दिवशी हे काम काढूच नका. लॅपटॉपचं स्लीप आणि अपडेट बंद करा, त्यालाही चार्जर लावा.

मूळ फाइल दोनदा वाचा, दोन्ही जुळतात का पाहा आणि पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवा. काही टूल्स ओबीडीवरून गाडीतली फाइल वाचतच नाहीत, सॉफ्टवेअर नंबर बघून सर्व्हरवरून तशीच एक उतरवून देतात. तुमच्याकडे कोणती आली ते माहीत असू द्या. चेकसम (फाइल बरोबर आहे का ते ताडून बघायचा आकडा) दुरुस्त केल्याशिवाय राइट नाही.

खरं तर पहिला हात स्वतःच्या गाडीवर टाकूच नका. त्याच नंबरचा भंगारातला ईसीयू आणून टेबलावर 12 व्होल्टवर वाचा, लिहा, बिघडवा, परत आणा. मॅप, म्हणजे फाइलमधले आकड्यांचे तक्ते, ओळखायलाच वेळ लागतो. डिझेलमध्ये टॉर्क लिमिटर (इंजिनच्या जोराची मर्यादा), बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब), रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) आणि स्मोक लिमिटर हे एकमेकांत गुंतलेले असतात. स्मोक लिमिटर हवेच्या मानाने डिझेल आवरतो. तो नुसता उचललात तर काळा धूर येईल, एक्झॉस्टचं तापमान चढेल आणि टर्बो जाईल. त्यात नाशिक सुमारे 600 मीटर उंचीवर. हवा विरळ, म्हणून तेवढ्याच बूस्टसाठी टर्बोला जास्त फिरावं लागतं. मुंबईत एखाद्या मित्राच्या गाडीवर बसलेली फाइल तशीच्या तशी इथे टाकू नका.

गाडी आधी ठणठणीत हवी: एअर फिल्टर, बूस्ट होसची गळती, इंजेक्टर, क्लच, फॉल्ट कोड. रीमॅपने यातलं काही दुरुस्त होत नाही, उलट लवकर फाटतं. ईजीआर, डीपीएफ या प्रदूषण आवरणाऱ्या यंत्रणा बंद करायच्या वाटेला जाऊ नका. वॉरंटीवर पाणी सोडा, विमा कंपनीला विचारा.

मग एका वेळी एकच बदल. लॉग, म्हणजे चालत्या इंजिनच्या आकड्यांची नोंद, शक्यतो डायनोवर (गाडी जागीच रोलरवर पळवून मोजतात ते यंत्र) घ्या. कसारा घाटात किंवा गंगापूर रोडवर अजिबात नको. लॅपटॉप बघायला शेजारी दुसरा माणूस हवा. आकडे पटले नाहीत तर मूळ फाइल परत टाका. तोही राइटच असतो, तेव्हा चार्जर जोडूनच.