पोलिसांनी मोबाइल मागितला तर

आधी एक विचारा: कोणत्या कलमाखाली? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ९४ ची नोटीस लेखी असते. तीत काय हवे ते लिहिलेले असते. नुसते ‘दाखव जरा’ म्हणजे नोटीस नव्हे.

जप्ती होत असेल तर अडवू नका, पंचनामा नीट करून घ्या. मेक, मॉडेल आणि आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक, *#०६# दाबल्यावर दिसतो) त्यात हवेत. ड्युअल सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, दुसरा हमखास राहतो. फोन पंचांसमोर सीलबंद व्हावा. कलम १०५ प्रमाणे जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक आहे. डेटाची हॅश व्हॅल्यू (डेटावरून गणिताने काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) नोंदवण्याचा आग्रह धरा. नंतर एक फाइल जरी बदलली तरी हा आकडा जुळत नाही. इथेच बहुतेक जण गाफील राहतात.

पासवर्डचा मुद्दा किचकट. राज्यघटनेचा अनुच्छेद २०(३) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यापासून वाचवतो, पण पासवर्ड त्यात बसतो का यावर न्यायालयांचे एकमत नाही. म्हणून वकिलाशी बोलून लेखी उत्तर द्या. नोटीस आल्यावर चॅट मात्र पुसू नका, तो वेगळा गुन्हा ठरू शकतो.

फोन परत हवा असल्यास दंडाधिकाऱ्यांकडे सुपूर्तनाम्यासाठी (जप्त वस्तू हमीवर परत ताब्यात मिळण्यासाठी) अर्ज करा.