प्रदर्शन-मांडणी शिकताय? संग्रहालयात गेल्यावर या चुका टाळा

मांडणी शिकणारी मुलं संग्रहालयात शिरली की आधी मोबाइल बाहेर येतो. शोकेसचा फोटो, छतावरच्या दिव्यांचा फोटो, लेबलच्या अक्षरांचा फोटो. संध्याकाळी फोल्डर गच्च भरलेला असतो आणि त्यात एकही माणूस नसतो. माझ्या मते बाकीच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. माणसाची मान, पाय आणि डोळे सांभाळत त्याला वस्तूपर्यंत न्यायचं, हे मांडणीचं काम. तो माणूसच वगळला तर आपण नुसतं फर्निचर बघून येतो.

म्हणून निदान पहिला अर्धा तास वस्तूंकडे पाठ करा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात घुमटाखालच्या मधल्या दालनात, कुणाच्या वाटेत येणार नाही अशा जागी उभे राहा. बागेतल्या उन्हातून आत आलेली माणसं आधी थबकतात, वर बघतात, मग कुठे वळायचं ते ठरवतात. ते कशावरून ठरवतात? पाटी वाचून, पुढच्या माणसाच्या मागोमाग, की लांबून एखादी मूर्ती दिसली म्हणून? नंतर वरच्या मजल्याच्या कठड्यावरून तेच दालन बघा. खालून गर्दी वाटत होती त्यात वरून वाटा दिसू लागतात. वहीत सोप्या खुणा करा: थांबला तर गोल, वाकला तर बाण, लेबल वाचलं तर रेघ. एका दालनाचा असा एक कागद शंभर फोटोंपेक्षा जास्त शिकवतो.

हे खूळ नवं नाही. बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये काम करणाऱ्या बेंजामिन आइव्ह्स गिलमन यांनी एका माणसाला शोकेसमधल्या वस्तू नीट बघायला सांगून त्याचे फोटो काढले आणि १९१६ साली ते प्रसिद्ध केले. फोटोंत तो माणूस कुठे कमरेतून वाकला आहे, कुठे जवळजवळ जमिनीवर बसला आहे. संग्रहालयात येणाऱ्या थकव्याला मांडणीही जबाबदार असते, हे त्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी दाखवून दिलं. आजही कुठल्याही दालनात दहा मिनिटं थांबा, तसा वाकलेला माणूस दिसतोच.

‘इथे प्रकाश कमी आहे’ असं लिहून मोकळं होणं

लघुचित्रांच्या किंवा वस्त्रांच्या दालनातून आल्यावर विद्यार्थ्यांच्या वहीत हे वाक्य हमखास असतं. कागद, रंगवलेली चित्रं, कापड यांच्यासाठी साधारण ५० लक्सची (लक्स म्हणजे वस्तूवर पडणारा उजेड मोजायचं एकक) मर्यादा पाळतात. तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालतं. प्रकाशाने होणारं नुकसान साचत जातं आणि भरून येत नाही. १०० लक्सखाली एक तास आणि ५० लक्सखाली दोन तास, दोन्हींचा हिशेब जवळपास सारखाच. म्हणजे तो अंधार मुद्दाम ठेवलेला असतो.

मग तपासायचं काय? मुंबईच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना त्या अंधाराची सवय व्हायला वेळ मिळतो का, ते. दालनाच्या तोंडाशी मध्यम उजेडाचा एखादा टप्पा आहे का? तुम्ही स्वतः आत दोन-तीन मिनिटं नुसते थांबा आणि मग मत बनवा. त्यानंतर लेबलसमोर उभे राहा. तुमचीच सावली अक्षरांवर पडते का? काचेत समोरच्या शोकेसचा दिवा दिसतो का? दिव्याचा झोत उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांवर धरतात. तो फार आडवा झाला की बघणाऱ्याच्या डोळ्यांत जातो किंवा त्याची सावली वस्तूवर पाडतो. दिवे वाढवण्याआधी हा कोन बघायचा.

इमारतीला अडचण समजणं

‘भिंत एवढी मोठी आहे, मग पॅनल मोकळ्या जागेत का उभं केलंय?’ कारण त्या भिंतीला खिळा मारता येत नाही. वास्तुसंग्रहालयाची जॉर्ज विटेट यांनी उभारलेली इमारत पहिल्या श्रेणीची वारसावास्तू आहे. अशा ठिकाणी मांडणी स्वतःच्या पायावर उभी राहते आणि गरज पडली तर मागे काही न ठेवता निघते.

मला विचाराल तर सुरुवात भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातून करावी. १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं हे मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय. तिथल्या लाकडी कपाटांना ‘जुनाट’ म्हणून पुढे जाऊ नका. ओतीव लोखंडाचे खांब, रंगवलेलं छत, ती कपाटं, सगळं मिळूनच तिथलं प्रदर्शन आहे. इमारतीचा जीर्णोद्धार होऊन २००८ साली ते पुन्हा उघडलं, तेव्हा ही ओळख जपली गेली. मातीच्या छोट्या प्रतिकृतींपाशी लोक काचेला नाक लावतात, तिथे नक्की थांबा. (राणीच्या बागेसारखंच तेही बुधवारी बंद असतं.)

आधुनिक कलेचं राष्ट्रीय दालन याच्या उलट. विटेट यांच्याच १९११ च्या कावसजी जहांगीर सभागृहाच्या पोटात नवे मजले घालून १९९६ साली ते सुरू झालं. तिथे एकेक चित्र वेगळं बघण्याऐवजी जिन्याने तुम्हाला कसं वर नेलं, कुठे मागचा मजला पुन्हा दिसला, सपाट चौकट गोल भिंतीसमोर कशी बसवली, ते टिपा.

आणि गावदेवीच्या मणिभवनाला ‘इथे डिझाइन नाही’ म्हणून वगळू नका. गांधीजींच्या खोलीत काचेपलीकडून डोकावताना दिसतं ते साधं अंथरूण, चरखा आणि भरपूर मोकळी जमीन. ती मोकळी जागा भरण्याचा मोह टाळणं हाही मांडणीतलाच निर्णय आहे, आणि माझ्या मते शहरातल्या उत्तम निर्णयांपैकी एक.

स्वतःच्या उंचीवरून सगळं ठरवणं

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटीमीटरवर धरतात. चौथीतल्या मुलाला आणि व्हीलचेअरवरच्या आजींना त्याचं काय दिसतं? उकिडवे बसून बघा. लाज वाटेल, तरी बसा. शाळेची सहल येते त्या वेळी मुद्दाम जा. गोंगाट होतो म्हणून ती वेळ टाळणाऱ्याला उंच चौथऱ्यासमोर टाचा वर करणारी मुलं कधी दिसत नाहीत. मोजपट्टी काढली की रखवालदार हटकणार, तेव्हा आपली वीत आणि आपलं पाऊल किती सेंटीमीटरचं हे घरीच मोजून ठेवा. शाईचं पेन नको, पेन्सिल न्या.

मराठी लेबल किती पावलांवरून वाचता येतं, तेही बघा. इंग्रजीइतक्याच पॉइंटमध्ये (अक्षराच्या मापात) लावलेली देवनागरी डोळ्यांना लहान दिसते, आणि वेलांट्या-उकारांना दोन ओळींत जास्त जागा लागते. दोन्ही भाषांना एकच माप लावलेलं दिसलं की समजा, मराठी मजकूर शेवटी आला.

पावसाळ्यातही एक खेप करा. जुलैत इथली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. काही शोकेसच्या तळाशी वेगळा कप्पा असतो, तो ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसाठी. वस्तूला हात न लावता ते बदलता यावं म्हणून. नेटवरून उचललेल्या सुबक शोकेसच्या चित्रात तो कप्पा क्वचितच दिसतो.

रखवालदाराशी न बोलणं

दिवसभर त्याच दालनात असणाऱ्या माणसाइतकं ते दालन कुणालाच माहीत नसतं. ‘काका, लोक तुम्हाला सगळ्यात जास्त काय विचारतात?’ एवढंच विचारा आणि ऐकत राहा. लोक बाहेरचा रस्ता विचारत असतील तर पाट्या चुकल्या आहेत. ‘खरं आहे का हो हे?’ असं विचारत असतील तर लेबल अपुरं पडतंय. लोक कुठल्या काचेला हात लावतात, कुठे टेकतात, कुठल्या बाकावर बसायला जागा मिळत नाही, हे तेच सांगतील.

परतताना लोकलमध्ये बसायला मिळालं तर फोटो न उघडता दालनाचा नकाशा आठवणीतून काढा. प्रवेश, वळणं, मोठ्या वस्तू, बाकं. जो कोपरा कोरा राहील, पुढच्या खेपेला सरळ तिथे जा आणि तिथली वस्तू नजरेतून कशामुळे निसटली ते शोधा: दिवा, उंची, की शेजारची वस्तूच फार मोठी?