रिपोर्टमध्ये आकडा ठळक आला? डॉक्टर भेटेपर्यंत काय करावं

फुल बॉडी चेकअपचा रिपोर्ट रात्री मोबाइलवर येऊन पडतो आणि डॉक्टरांची वेळ मिळते दुसऱ्या दिवशी संध्याकाळची. एका ठळक आकड्यावरून मन कुठल्या कुठे जातं ते याच मधल्या वेळात.

आधी ‘नॉर्मल रेंज’ समजून घ्या. बहुतेक चाचण्यांत निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे धरून ती ठरवतात. म्हणजे ५ टक्के ठणठणीत माणसं बाहेर राहणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर धडधाकट माणसाचाही निदान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. पॅकेजात तर चाचण्या याहून कितीतरी जास्त असतात!

मग आकडा किती बाहेर आहे ते बघा. मर्यादा ४० असताना एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतला एक आकडा) ४६ येणं आणि ४६० येणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुना रिपोर्ट असेल तर शेजारी ठेवा.

आता कागद घ्या आणि रक्त देण्याआधीचे दोन-तीन दिवस आठवून लिहा. किती तास उपाशी होतात (ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, जेवणानंतर वाढतात), जिममध्ये जोर लावला होता का (यकृताच्याच तपासणीतलं एसजीओटी त्यानं वाढतं), केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का (थायरॉइडचे आकडे चुकू शकतात). शीर सापडायला त्रास होऊन नमुन्यातल्या पेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटंच जास्त दिसतं. हा कागद डॉक्टरांना द्या.

गूगल बंद. घरच्यांना ‘काही नसेल ना?’ असं पुन्हापुन्हा विचारणंही बंद. त्या उत्तराचा दिलासा टिकत नाही, आणि विचारायची सवय मात्र लागते. त्यापेक्षा संध्याकाळची २० मिनिटं काळजीसाठी ठरवा. एरवी विचार आला की एका ओळीत टिपून त्या वेळेवर ढकला. अंथरुणात रिपोर्ट उघडू नका.

बीपी जास्त आलं असेल तर घाबरून दर तासाला मोजू नका, भीतीनंच ते चढतं. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा. सकाळ-संध्याकाळ एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर डॉक्टरांना दाखवा.

छातीत दुखणं, धाप, चक्कर येऊन पडणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं यांत मात्र थांबायचं नाही. महाराष्ट्रात १०८ लावा. लॅबनं स्वतःहून फोन करून आकडा धोकादायक असल्याचं सांगितलं, तर लगेच डॉक्टर गाठा.

डॉक्टरांनी ‘ठीक आहे’ म्हटल्यावरही काही आठवडे झोप उडालेलीच असेल, तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.