ट्रेटिनॉइन क्रीम वापरताना या चुका टाळा

डॉक्टरांनी मुरुमांसाठी ट्रेटिनॉइन क्रीम लिहून द्यावे, आठवडाभरात चेहऱ्याची आग होऊन सालपटे निघू लागावीत आणि ‘हे मला मानवत नाही’ म्हणून ट्यूब कपाटात पडावी, असे अनेकांच्या बाबतीत घडते. बहुतेक वेळा दोष औषधापेक्षा ते लावण्याच्या पद्धतीत असतो.

सर्वांत मोठी चूक प्रमाणाची. संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याच्या एका दाण्याएवढे क्रीम पुरते. जास्त थापल्याने मुरुमे लवकर जात नाहीत, त्वचा मात्र सोलवटते. नुसत्या मुरुमावर ठिपका देऊनही भागत नाही, कारण हे औषध रोमछिद्रांची तोंडे बुजू न देण्याचे काम करते आणि पुढचे मुरूम कुठे उठणार हे आधी दिसत नसते. म्हणून कपाळ, गाल व हनुवटीवर थोडे थोडे ठेवून हलक्या बोटाने पसरावे; पापण्या, ओठांचे कोपरे आणि नाकपुड्यांच्या खाचा वगळाव्यात. रात्री चेहरा धुतल्यावर वीस-तीस मिनिटे थांबावे, कारण ओलसर त्वचेवर आग अधिक होते. सुरुवात साधारणपणे ०.०२५ टक्क्यांच्या क्रीमने, तीही एक-दोन रात्री सोडून करतात. त्रास वाटल्यास आधी मॉइश्चरायझर आणि त्यावर क्रीम लावले तरी चालते.

पहिल्या काही आठवड्यांत मुरुमे वाढल्यासारखी वाटतात आणि नेमके तेव्हाच लोक औषध सोडतात. खरा फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. या काळात दिवसा किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन हवेच. वरच्या ओठाचे वॅक्सिंग करायचे असेल, तर काही दिवस आधी क्रीम थांबवावे. एरवी मेणाबरोबर त्वचाही निघून येते. गर्भवती असलेल्या किंवा गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रियांनी हे क्रीम वापरू नये.

आता आपल्याकडची सर्वांत घातक चूक. वांगासाठी मिळणाऱ्या ‘तीन औषधांच्या’ क्रीममध्ये ट्रेटिनॉइनसोबत हायड्रोक्विनोन हे डाग उजळवणारे औषध आणि मोमेटासोनसारखे स्टिरॉइड असते. ते ठरावीक आठवड्यांपुरते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायचे औषध आहे. तरीही लग्नसराईत मैत्रिणीच्या सांगण्यावरून, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणून, गोरे होण्यासाठी ते महिनोन्‌महिने लावले जाते, हे पाहून मनापासून वाईट वाटते. सुरुवातीला चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते आणि क्रीम थांबवताच चेहरा लालबुंद होऊन पुळ्या उठतात. म्हणून ट्यूबवरील घटकांची नावे वाचूनच क्रीम लावावे. असे मिश्रण बरेच दिवस वापरले असेल, तर स्वतःच्या मनाने एकदम बंद न करता तीच ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि ती केव्हापासून लावत आहात, हे न लपवता सांगावे.