मानेची हाडं, सांधे आणि सात-आठचा घोळ

फर्स्ट इयरवाल्यांसाठी लिहितेय, बेसिक झालंय असं धरते. मानेचा मणका ओळखणं सोपंय, ट्रान्सव्हर्स प्रोसेसला (बाजूला निघालेल्या टोकाला) भोक दिसलं की सर्व्हायकल, म्हणजे मानेचा. फक्त व्हर्टिब्रल आर्टरी (मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी) बहुतेक वेळा सी6 च्या, म्हणजे मानेच्या सहाव्या मणक्याच्या, भोकातून वर शिरते, सी7 च्या नाही, हे हमखास विचारतात.

खरी गोची नर्व्हच्या नंबरात आहे. तिथे मी खूप गटांगळ्या खाल्ल्यात म्हणून जरा पाल्हाळ लावते. मणके 7, नर्व्ह 8. सी1 निघते कवटी आणि ॲटलासच्या (मानेचा पहिला मणका) मधून, म्हणजे आपल्या मणक्याच्या वरून, सी7 पर्यंत हेच चालतं, मग सी7 आणि टी1 (छातीचा पहिला मणका) च्या मधे जी उरते ती सी8, आणि टी1 पासून सगळ्या आपापल्या मणक्याच्या खालून. म्हणून सी5-सी6 ची डिस्क (मणक्यांमधली गादी) सरकली की दबते सी6.

यावर सिनियर सांगतात, खालचा नंबर घे, विषय संपला. कमरेत एल4-एल5 ला पण उत्तर बहुतेकदा एल5 च येतं त्यामुळे ट्रिक भारी वाटते, पण कारण वेगळंय ना! मानेत तिथून बाहेर पडणारीच नर्व्ह दबते, कमरेत एल4 डिस्कच्या वरूनच सटकलेली असते आणि खाली निघालेली एल5 सापडते. तीच डिस्क पार बाजूला सरकली तर एल4 दबते आणि ट्रिकवाला व्हायव्हात गप्प. ट्रिका वाटणाऱ्या दहा सिनियरपेक्षा कागदावर चित्र काढून दाखवणारा एक धरा.

बाकी टेन्शन नको, सांधे स्वतःच्या मानेवर पाठ होतात. हो म्हणताना ॲटलांटो-ऑक्सिपिटल (कवटी आणि पहिला मणका), नाही म्हणताना ॲटलांटो-ॲक्सियल (पहिला आणि दुसरा मणका), मान वळण्यातला जवळपास निम्मा भाग इथलाच. दोन्हीकडे डिस्क नाही. ट्रान्सव्हर्स लिगामेंट मात्र हलक्यात घेऊ नका, ते तुटलं तर त्याने धरलेला डेन्स (दुसऱ्या मणक्याचा वर आलेला खुंट) मागे थेट स्पायनल कॉर्डवर येऊ शकतो.

गळ्यासमोरचं हायॉइड हाड आणि कार्टिलेज बोटाने चाचपत शिका, हायॉइड सी3 ला, थायरॉइड कार्टिलेज सी4-सी5 ला, क्रिकॉइड सी6 ला. पूर्ण गोल कडं फक्त क्रिकॉइडचं, तेही मागे रुंद. वय वाढलं की थायरॉइड आणि क्रिकॉइडचं हळूहळू हाड होतं, एपिग्लॉटिस (श्वासनलिकेवरचं झाकण) इलास्टिक कार्टिलेजचा असल्यामुळे सहसा तसाच राहतो. तेव्हा वयस्कर पेशंटच्या एक्स-रेत तिथे पांढरं काही दिसलं की लगेच काटा अडकलाय म्हणून मोकळे होऊ नका.