सी फॉर्म आधी, बाकी मग

गोव्यात मे महिन्याच्या ख्रिस्ती शिबिराला परदेशी कॉलेजचे विद्यार्थी मदतनीस म्हणून येणार असतील तर गाद्या, गिटार, बॅडमिंटनची जाळी ही यादी कुणीही करील. इथं सुरुवात सी फॉर्मपासून. परदेशी पाहुणा ज्या छपराखाली झोपतो, त्या जागेच्या चालकाने तो आल्यापासून २४ तासांत हा फॉर्म सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो (२०२५च्या नव्या नियमांत याचं नाव ‘फॉर्म ३’, तोंडात मात्र सी फॉर्मच). फक्त हॉटेलांनाच लागतो असं समजू नका. वसतिगृह, रिट्रीट हाऊस, साधं घर, सगळ्यांना लागतो. गेल्या खेपेला आमचा नेमका हाच राहिला, कारण पाहुणे आल्यावर कळलं की जागेच्या नावाचं लॉगिनच नाही, आणि ते आधी मंजूर व्हावं लागतं. म्हणून महिनाभर आधी चालकाला विचारा. ‘आहे, आहे’ यावर जाऊ नका, लॉगिन समोर उघडून दाखवायला सांगा.

पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती विद्यार्थी निघण्याआधीच मागवा. प्रवेशाचा शिक्का मात्र विमानतळावरच बसतो, तेव्हा त्या पानाचा फोटो विमानतळावरून आणताना गाडीतच काढा. एकदा मंडळी झोपली की पासपोर्ट बॅगेच्या तळाशी जातात आणि २४ तासांतले दहा तिथंच संपतात. नंबर भरताना शून्य की ओ, हे दोनदा बघा.

गाडी पाठवण्याआधी तिकिटावरचा कोड वाचा : जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. नुसतं ‘गोवा विमानतळ’ लिहून आलं तर परत विचारा, नाहीतर पाहुणा पेडण्यात आणि गाडी वास्कोला.

व्हिसा कुठला, हेही बघा. पर्यटक व्हिसावर प्रार्थनेला बसायला हरकत नाही, पण धर्मोपदेश करता येत नाही, धार्मिक पत्रकं वाटता येत नाहीत. तेव्हा बायबलचा तास आपल्या माणसाने घ्यायचा. त्यांच्याकडे खेळ, हस्तकला, भांडी. कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या नावापुढे ‘संदेश’ छापू नका. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायचं असेल तर खांदे-गुडघे झाकलेले हवेत आणि जे कॅथलिक नाहीत त्यांनी कोमुन्यांवाच्या (ख्रिस्तप्रसादाच्या) रांगेत लागू नये, हे आदल्या रात्रीच सांगा. ऐनवेळी सांगितलं की माणूस अवघडतो.

स्वयंपाकघरात ॲलर्जीची यादी भिंतीवर, मोठ्या अक्षरांत, नावासकट. इथं घोळ ‘शाकाहारी’ या शब्दावर होतो. भाजीत चवीपुरती सुकी सुंगटां, म्हणजे कोलंबी, पडतात आणि रांधणाऱ्या बाईंच्या लेखी ती भाजीच असते. त्यांना ‘मासळी आहे का?’ असं विचारू नका, ‘सुंगटां घातलीत का?’ असं विचारा. वाटणात काजू, लाडवांत शेंगदाणे, तेही तसंच. तीव्र ॲलर्जी असणाऱ्याने ॲड्रेनलिनची इंजेक्शनं आपली आपण आणावीत, दोन. इथल्या औषधाच्या दुकानात तयार पेन सहसा मिळत नाही. काजूची बोंडं खुशाल खाऊ द्या, पण ओली बी दातांनी फोडू देऊ नका. सालीतल्या तेलाने ओठांवर फोड येतात.

पाणी माणशी तीन-चार लिटर धरा, मैदानावर राबणाऱ्याला जास्त. ओआरएसची पाकिटं ठेवा आणि एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच घाला, पेल्यात नाही. पाकिटं संपली तर लिटरभर पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे, मीठ अर्धा.

मुलांसोबत कुणीही मोठं माणूस एकटं बंद खोलीत नको. दोघं तरी हवेतच, मग तो पाहुणा असो की आपला. पालकांच्या परवानगीशिवाय मुलांचे फोटो टाकायचे नाहीत. परदेशी मुलं ते भराभर टाकतात, म्हणून पहिल्याच संध्याकाळी बजावा.

समुद्रावर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं, नुसता लाल असेल तर पाय भिजवायलाही नाही. पावसाळा तोंडावर असतो. संध्याकाळी सहाच्या आत सगळे बाहेर.

रोख पैसे, मच्छरदाण्या, प्लगचे अडॅप्टर. एकशेदहा व्होल्टचे हेअर ड्रायर घरीच ठेवायला सांगा, इथं जळतात. दोन शब्द शिकवा, ‘देव बरें करूं’ (कोंकणीत धन्यवाद) पुरे.

निरोपाच्या दिवशी प्रशस्तिपत्रं, हरवलेल्या चपला, आणि पोर्टलवर निघाल्याची नोंद. शिबिरानंतर कुणी दोन रात्री आपल्यापैकी कुणाच्या घरी राहणार असेल, तर त्या घराचा सी फॉर्म वेगळा. पुन्हा २४ तास.